पहिलीच्या वर्गाच्या भिंतींवर काय लावावं, काय लावू नये

ताई, तुमचा प्रश्न मला असा कळला: शाळा सुरू व्हायला तीन आठवडे आहेत, पहिलीचा वर्ग तुम्हाला पहिल्यांदाच मिळालाय आणि पटावर ३६ मुलं आहेत. तुम्ही चौदा छापील तक्ते, रंगीत झालरी आणि छताला टांगायचे कागदी मासे आणून ठेवलेत. शेजारच्या वर्गाची भिंत इंचभरही रिकामी नाही, त्यामुळे आपला वर्ग उघडाबोडका दिसेल अशी धास्ती आहे. मुख्याध्यापकांनी ‘वर्ग आकर्षक हवा’ एवढंच सांगितलंय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की मुलांच्या शिकण्याला खरोखर उपयोगी पडेल अशी सजावट कशी करू.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक दारातून डोकावणाऱ्या मोठ्या माणसाचा आहे: वर्ग दिसतो कसा? दुसरा त्या वर्गात रोज कितीतरी तास बसणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाचा आहे: मला अडलं तर मी कुठे बघू? पहिल्याचं उत्तर भिंत भरून देता येतं, दुसऱ्याचं नाही. मी बावीस वर्षं पहिली ते चौथीला शिकवलं, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं पहिली-दुसरीला. सुरुवातीला बरीच वर्षं मी पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देत बसले होते, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आधी हे सांगते की बऱ्याच गोष्टी तुमच्या खोलीवर अवलंबून आहेत. भिंतीला ओल येते का, पोपडे निघतात का, खिळे ठोकायची परवानगी आहे का, मुलं बाकांवर बसतात की खाली. खोली दुपारी दुसऱ्या वर्गाला जात असेल तर भिंतीवर कायमचं काही लावण्यात अर्थ नाही. तेव्हा घडी होणारे पुठ्ठ्याचे फलक करा आणि दोरीला चिमट्यांनी अडकवा, सकाळी लावायचे, सुटताना काढायचे. दोन इयत्ता एकाच खोलीत असतील तर प्रत्येक इयत्तेला तिची स्वतःची भिंत द्या, आणि जी इयत्ता ज्या दिशेला तोंड करून बसते त्याच्या बाजूची द्या, पाठीमागची नको. चौथीच्या मुलांना थोडी गर्दी झेपते, पहिलीच्या मुलांना झेपत नाही. खाली जे लिहितेय ते पहिली-दुसरी डोळ्यांसमोर ठेवून आहे.

माझ्या पहिल्या वर्गात मी मागच्या भिंतीवर एक मोठं झाड रंगवलं होतं. पानापानावर एक अक्षर, बाजूला चित्र. रंगवायला आठ दिवस लागले. जो येई तो कौतुक करी. मुलं महिनाभरात झाडावरची सगळी अक्षरं ओळीनं म्हणू लागली, आणि मला वाटलं, झालं काम. मग एक दिवस एका मुलीला वहीत ‘घर’ लिहायचं होतं आणि तिला ‘घ’ आठवेना. ती पाच मिनिटं पेन्सिल चावत बसली. झाड तिच्या पाठीमागे होतं आणि ‘घ’चं पान माझ्या डोक्याच्याही वर होतं. झाडाकडे बघायचं असतं हे तिला सुचलंच नाही, कारण झाडाचा आणि तिच्या अडण्याचा संबंध मी कधी लावूनच दिला नव्हता. तिच्या लेखी ते झाड म्हणजे सगळ्यांनी एका सुरात म्हणायची गोष्ट होती. त्या दिवसापासून भिंतीवर काहीही लावण्याआधी मी तीन गोष्टी ठरवते: हे कोण बघेल, केव्हा बघेल आणि बघितल्यावर काय करेल. तिसऱ्याचं उत्तर ‘छान वाटेल’ एवढंच निघालं तर ती वस्तू लावायची की नाही याचा मी पुन्हा विचार करते. छान वाटणं महत्त्वाचं आहे, पण त्यासाठी एखादा कोपरा पुरतो. त्यापायी चारही भिंती द्यायची गरज नसते.

‘बोलक्या भिंती’ हा शब्द आपण सगळेच वापरतो आणि कल्पना चांगलीच आहे. पण ३६ मुलं एकदम बोलायला लागली की आपण काय करतो? एकेकाला बोलायला सांगतो. भिंतींचंही तेच आहे. चौदा तक्ते एकाच वेळी बोलत असतील तर मुलाला त्यातलं एकही ऐकू येत नाही. उलट तुमचं बोलणंही त्यात बुडतं.

हे केवळ माझं मत नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ॲना फिशर, कॅरी गॉडविन आणि हॉवर्ड सेल्टमन यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवर्गातल्या २४ मुलांना विज्ञानाचे सहा छोटे पाठ शिकवले. काही पाठांच्या वेळी खोली तक्ते, चित्रं, मुलांची कलाकुसर यांनी भरलेली होती, तर काही पाठांच्या वेळी पाठाशी संबंध नसलेलं सगळं काढून टाकलेलं होतं. भरलेल्या खोलीत मुलांचा सुमारे ३९ टक्के वेळ इकडेतिकडे लक्ष जाण्यात गेला, मोकळ्या खोलीत सुमारे २८ टक्के. पाठावरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं भरलेल्या खोलीत ४२ टक्के आली, मोकळ्या खोलीत ५५ टक्के. प्रयोग छोटा आहे, मुलं मोजकी आहेत आणि वर्ग प्रयोगासाठी उभा केलेला होता, त्यामुळे यावरून भिंती कोऱ्याच ठेवा असा नियम काढू नका. पण मला स्वतःला हे आकडे वाचून ओळखीचं काही भेटल्यासारखं वाटलं. गोष्ट सांगताना एक मुलगा वर बघत ओठ हलवायचा. मी जवळ जाऊन ऐकलं तर तो छताला टांगलेले मासे मोजत होता.

दुसरा अभ्यास बराच मोठा आहे. इंग्लंडमधल्या सॅलफर्ड विद्यापीठात पीटर बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ प्राथमिक शाळांमधल्या १५३ वर्गखोल्या आणि ३,७६६ मुलं यांचा अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो फरक दिसला त्यातल्या १६ टक्क्यांचा संबंध त्यांना वर्गखोलीच्या गुणांशी जोडता आला. त्यातल्या दोन गोष्टी मला तुम्हाला आवर्जून सांगायच्या आहेत. पहिली, खोलीच्या एकूण परिणामातला जवळपास निम्मा वाटा उजेड, हवा आणि तापमान यांचा होता. रंग आणि भिंतीवरची गजबज यांचा वाटा साधारण पाव होता. म्हणजे खिडकीवर चिकटवलेला सुंदर तक्ता उजेड अडवत असेल तर तो देतो त्याहून जास्त काढून घेतो. दुसरी, गजबज फार असली तरी मुलांचं नुकसान होतं आणि फार कमी असली तरी होतं. फायद्याचं निघालं ते मधलं प्रमाण. त्यांनी शिक्षकांना सुचवलेला ठोकताळा असा की भिंतीचा २० ते ५० टक्के भाग मोकळा ठेवावा. मी पहिलीला त्यातलं मोठं टोक धरते, म्हणजे निम्मी भिंत मोकळी. मोकळी म्हणजे वाया गेलेली नव्हे. वर्षभरात जे येणार आहे त्याची ती जागा असते.

आता प्रत्यक्ष खोलीकडे वळू. सगळ्यात आधी एक काम करा, त्याला साहित्य काही लागत नाही. रिकाम्या वर्गात जा आणि मुलांच्या जागी बसा. पुढच्या ओळीत, मागच्या कोपऱ्यात, खिडकीजवळ. खाली बसत असतील तर खाली बसा. तिथून फळा दिसतो का, फळ्यावर उजेडाची चमक येते का आणि मान न वळवता काय काय दिसतं ते वहीत टिपा. चकचकीत प्लास्टिकचं आवरण घातलेला तक्ता समोरून सुरेख दिसतो, पण बाजूच्या ओळीतून त्यावर खिडकीचा पांढरा डाग तेवढा दिसतो, हे मला अशाच एका बसण्यात कळलं. तेव्हापासून मी तक्त्यांना आवरण घालत नाही. फाटला तर नवीन करते.

फळ्याची भिंत शांत ठेवा. या एका गोष्टीत मी कुठलीच तडजोड करत नाही. मूल दिवसाचा बहुतेक वेळ त्याच दिशेला बघतं. तिथे फळा, त्याशेजारी आजचा वार आणि दिनक्रम, आणि फार तर सध्या चालू असलेल्या पाठाचा एक तक्ता. पाठ संपला की तक्ता उतरवायचा. झालरी, सुविचार, कार्टून यातलं फळ्याभोवती काहीही नको. दिनक्रम मात्र जरूर लावा आणि तो चित्रांसह लावा: पुस्तक, मैदान, डबा, दप्तर. वाचता न येणाऱ्या मुलाला ‘आता पुढे काय’ हे कळलं की त्याची निम्मी चुळबुळ थांबते. प्रत्येक चित्राशेजारी एक चिमटा सरकवायचा आणि ते काम रोज एका मुलाला द्यायचं. माझ्या अनुभवात वर्गातली सगळ्यात जास्त पाहिली जाणारी गोष्ट हीच असते, कारण ती दर तासाला बदलते.

बाकीच्या भिंतींवर मुलाच्या हाताला येईल ते लावायचं. पहिलीतलं मूल उभं राहिलं की त्याचे डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर असतात. खाली बसलं की जवळजवळ निम्म्यावर येतात. आपण तक्ते लावतो आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे त्याच्या डोक्याच्या बराच वर. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं तेव्हा मुलांच्या मापाच्या खुर्च्या आणि त्यांच्या हाताला येतील अशी कपाटं वापरली. तो विचार भिंतीलाही तसाच लागू आहे. जे लांबून बघायचं ते वर चालेल, पण मग अक्षर मोठं हवं. फलक रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब आहे: तीन मीटरवरून सुखानं वाचायचं तर अक्षराची उंची निदान अडीच सेंटिमीटर. आपल्या लिपीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून मी ती उंची फक्त मधल्या अक्षराची धरते, आणि नुकतंच वाचायला लागलेल्या मुलांसाठी दुप्पट करते.

उदाहरणादाखल शंभरपर्यंतच्या संख्यांचा तक्ता घ्या. तो जवळजवळ प्रत्येक वर्गात असतो आणि जवळजवळ प्रत्येक वर्गात छताजवळ असतो. आपल्या भाषेत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, पण लिहिताना २ आधी येतो. म्हणून मुलं ५२ लिहितात. ‘एकोणतीस’ ऐकलं की कानात तीस राहतं आणि लिहायचं असतं २९. ही चूक आळशीपणाची नव्हे, आपल्या संख्यानामांची घडणच तशी आहे. तक्ता हाताच्या उंचीवर असेल, एका ओळीत दहा घरं असतील, तर मूल ३० वर बोट ठेवून एक घर मागे येतं आणि एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी हे बोटानं शिकतं. मी या तक्त्याजवळ कोणी उभं राहील एवढी जागा मुद्दाम मोकळी सोडते. माझा तक्ता दोन महिन्यांत बोटांनी मळतो, आणि तो मळला की मला बरं वाटतं.

अक्षरांच्या छापील तक्त्यांबद्दल एक सावधगिरी. ‘क – कमळ’, ‘ग – गवत’ इथवर ठीक चालतं. पण ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी आपल्याकडे शब्द सुरूच होत नाहीत, म्हणून तक्त्यावर बाण आणि बाळ असतात. मूल बाणाचं चित्र बघतं आणि शहाणपणानं ‘ब’ म्हणतं. इतर सगळीकडे पहिलं अक्षर धरायचं हे आपणच शिकवलंय ना! या दोन अक्षरांसाठी शब्दातलं ते अक्षर वेगळ्या रंगात दाखवा आणि इथे शेवटचं अक्षर बघायचं हे मुलांना सांगा. तसंच ‘ल’ आणि ‘श’ दोन वळणांनी छापले जातात. पुस्तकात जे वळण आहे तेच भिंतीवर हवं. आणि तक्ता लावण्याआधी प्रत्येक शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ तपासा. एकदा माझ्या वर्गात ‘पाणि’ छापलेला तक्ता दोन महिने टांगलेला होता. मुलांनी भिंतीवर विश्वास ठेवला आणि सगळ्या वह्यांत तेच उतरलं. ते काढून टाकायला मला तक्ता लावलेल्या दिवसांहून जास्त दिवस लागले.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर समोरची भिंत शांत, बाजूच्या भिंती हाताच्या उंचीवर, एकूण निम्मी जागा मोकळी आणि उजेडाच्या वाटेत काही नाही. आता त्या निम्म्या जागेत काय येतं ते सांगते. खरा रस मला याच्यात आहे.

शब्दभिंत करायची असेल तर ती शाळेच्या पहिल्या दिवशी कोरी असू द्या. फक्त वर ‘आपले शब्द’ एवढं लिहा. मुलं जे बोलतात त्यातून आठवड्याला चार-पाच शब्द निवडा. एखादा मुलगा पडलेला दात घेऊन येतो, तर त्या आठवड्याचा शब्द ‘दात’. शब्द पुठ्ठ्याच्या पट्टीवर मुलांसमोर लिहा आणि पट्टी अशी अडकवा की मुलाला ती काढून आपल्या जागेवर नेता येईल. हे फार महत्त्वाचं आहे. पहिलीतल्या मुलाला दूरच्या भिंतीवरचा शब्द बघून वहीत उतरवणं जड जातं. वर बघायचं, अक्षर लक्षात ठेवायचं, खाली बघायचं, ओळ शोधायची, तोवर अक्षर निसटलेलं असतं. पट्टी वहीशेजारी ठेवली की तेच काम सोपं होतं. सगळ्यांना यायला लागलेला शब्द भिंतीवरून काढून एका डब्यात टाकायचा. तो डबा भरत जाताना बघणं हा मुलांच्या आनंदाचा भाग असतो. भिंत मात्र कधी भरत नाही, तिथे वीसेक शब्दच राहतात.

छापील तक्ता आणि वर्गात तयार झालेला तक्ता यात मला नेहमी दुसरा जास्त कामाचा वाटत आलाय, मग तो कितीही वाकडातिकडा असो. पाणी उकळल्यावर वाफ होते, झाकणावर थेंब जमतात हे मुलांनी पाहिलं, आणि मुलं सांगतील तसं मी मोठ्या कागदावर काढत गेले. एक मुलगी म्हणाली, थेंब रडल्यासारखे दिसतात, म्हणून आम्ही थेंबांना डोळे काढले. त्यानंतर कित्येक आठवडे ‘वाफेचं काय झालं होतं?’ असं विचारलं की मुलांची नजर त्या कागदाकडे जायची. तो कागद त्यांच्यासाठी आठवण होता. विकतच्या जलचक्राच्या तक्त्यात ती आठवण नसते, फक्त माहिती असते. म्हणून तुमच्या हाताशी दोन तास असतील तर ते शाळा सुरू होण्याआधी तक्ते रंगवण्यात घालवण्यापेक्षा शाळा सुरू झाल्यावर मुलांसोबत तक्ता करण्यात घालवा. असाच एक तक्ता ‘अडलं तर काय करायचं’ याचा करा. शब्द पुन्हा वाचून बघ, शब्दभिंत बघ, शेजाऱ्याला विचार, मग बाईंना विचार. चार पायऱ्या, चार चित्रं, आणि त्या पायऱ्या मुलांनीच सांगितलेल्या. पहिल्या महिन्यात कोणी ‘बाई, येत नाही’ म्हणत आलं की मी उत्तर न देता त्याच्यासोबत त्या तक्त्यापर्यंत चालत जायचे. तेवढ्यानं सवय लागते.

कुठला तक्ता वापरात आहे हे ओळखायची माझी एक साधी रीत आहे. आठवडाभर वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक तक्त्याचं नाव लिहायचं आणि एखादं मूल आपणहून त्याकडे गेलं की एक रेघ मारायची. दोन आठवड्यांत एकही रेघ नाही, तर एकतर तो कसा वापरायचा हे मी शिकवलेलं नाही किंवा त्याची गरज संपलेली आहे. पहिलं असेल तर मी तो शिकवते, दुसरं असेल तर उतरवते.

मुलांचं काम लावण्याबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण इथे मन दुखावण्याचीही शक्यता असते. सगळ्यांचं लागलं पाहिजे. निवडक पाच सुंदर चित्रं लावली की उरलेल्या एकतीस मुलांना भिंत रोज काहीतरी सांगत असते. मी एका भिंतीवर मुलांच्या संख्येएवढे चौकोन आखते, प्रत्येक चौकोनाखाली मुलाचं नाव. त्यात काय लावायचं आणि केव्हा बदलायचं हे मूल ठरवतं. कोणी चित्र लावतं, कोणी पहिल्यांदा स्वतः लिहिलेलं नाव, कोणी वाळलेलं पान. एका मुलानं महिनाभर चौकोन कोराच ठेवला. मी काही म्हटलं नाही. मग एक दिवस त्यानं बेरजेचा एक कागद आणून लावला, त्यात तीन गणितं खोडून पुन्हा केलेली होती. ती खाडाखोड त्याला दाखवायची होती. असा कागद निवडायचं माझ्या कधी डोक्यात आलं नसतं.

इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या बालशाळांमध्ये, जिथे लोरिस मालागुत्झी यांनी आयुष्यभर काम केलं, वर्गाच्या परिसराला तिसरा शिक्षक म्हणतात. तिथे भिंतीवर मुलांच्या तयार वस्तूंबरोबर ती वस्तू कशी घडत गेली हेही लावतात: सुरुवातीची रेखाटनं, मधले प्रयत्न आणि काम करताना मुलं जे बोलली ते शब्द. हे आपण सहज करू शकतो. चित्राखाली ‘सुंदर चित्र’ असं लिहिण्यापेक्षा मूल चित्राबद्दल जे बोललं ते एक वाक्य त्याच्याच शब्दांत लिहा. ते वाक्य मूल पुढे वाचू शकतं, कारण ते त्याचं स्वतःचं असतं. वाचनाचा पहिला आत्मविश्वास मी कितीतरी मुलांमध्ये अशा एका ओळीतून आलेला पाहिलाय. उतरवलेलं काम फेकू नका, ज्याच्या त्याच्या फाईलमध्ये घाला.

आणि चांदण्यांचा तक्ता कृपा करून लावू नका. कोणी किती पुस्तकं वाचली, कोणाचे पाढे पाठ झाले, त्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या नावापुढे चांदण्या. मी तो एक वर्ष लावला होता. पुढे असलेली मुलं आधीपासूनच वाचत होती. मागे असलेली एक मुलगी वाचन कोपऱ्यात जायचीच बंद झाली, कारण तो तक्ता तिथेच लावलेला होता. मला ते कळायला दोन महिने लागले आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. प्रगतीची नोंद हवीच, पण ती मुलाच्या वहीत ठेवा, त्याची कालच्या स्वतःशी तुलना करणारी.

आता उरलेलं पटापट. रंग: भिंत फिकी, तक्त्यांचा पार्श्वकागद एकाच रंगाचा. लहर म्हणून प्रत्येक अक्षर वेगळ्या रंगात लिहू नका. मूल शब्द बघायच्या ऐवजी रंग बघतं. फिक्या कागदावर गडद शाई सगळ्यांत वाचनीय. लाल-हिरव्या रंगांच्या फरकावर एखादी सूचना अवलंबून ठेवू नका, कारण तो फरक न दिसणारी मुलं असतात, विशेषतः मुलग्यांमध्ये, आणि त्या वयात त्यांना स्वतःलाही ते माहीत नसतं. टांगलेल्या वस्तू: पंख्याच्या वाऱ्यानं जे हलतं तिकडे डोळे जाणारच, मुलाला कितीही रागावलं तरी, म्हणून मासे वाचन कोपऱ्यावर न्या किंवा वर्गाबाहेर. दिवे, बटणं, पंखा आणि दार यांच्याजवळ कागद लावू नका. आग लागली तर तो सगळ्यात आधी पेटतो. मुलांच्या उंचीवर ड्रॉईंग पिना नकोत, तिथे चिमटे किंवा चिकटपट्टी. वाचन कोपऱ्यात पुस्तकं कणा दिसेल अशी न ठेवता मुखपृष्ठ दिसेल अशी दोरीवर लावा. न वाचणारं मूल चित्र बघून पुस्तक उचलतं. आणि भिंतीचा खालचा पट्टा काळा रंगवून मुलांसाठी तळफळे करता आले तर नक्की करून घ्या. माझ्या मते वर्गातल्या सगळ्या सजावटीत त्याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही, कारण तिथे बघण्यापेक्षा करायला मिळतं.

तुमच्या तीन आठवड्यांचं मी असं करेन. पहिला आठवडा खोली धुऊन-पुसून, खिडक्या मोकळ्या करून, मुलांच्या जागी बसून बघण्यात. दुसऱ्यात दिनक्रम, संख्यांचा तक्ता, अक्षरांचा तक्ता, छत्तीस चौकोन आणि वाचन कोपरा. तिसऱ्यात शब्दभिंतीची कोरी पाटी, आणि आत येताच दिसतील अशी, पण दारापासून जरा लांब, मुलांची नावं त्यांच्या उंचीवर. नावं मोठ्या, सुबक अक्षरांत लिहा. पहिल्या दिवशी घाबरत आत येणाऱ्या मुलाला या खोलीत माझी जागा आहे हे सांगणारी तीच पहिली गोष्ट असते. ज्याला वाचता येत नाही त्याला तुम्ही बोट धरून त्याचं नाव दाखवा. दुसऱ्या दिवशी तो स्वतः शोधतो.

मुख्याध्यापकांशी आधीच बोला. मुलं आल्यावर भिंती कशा भरत जाणार आहेत याचा एक साधा आराखडा कागदावर काढून दाखवा, आणि प्रत्येक रिकाम्या जागेवर तिथे काय येणार हे लिहून ठेवा: ‘इथे आपले शब्द येतील’, ‘इथे मुलांचे प्रश्न लागतील’. मी असं केलं तेव्हा सुरुवातीला थोडी नाराजी झाली. दोन महिन्यांनी तेच मुख्याध्यापक पाहुण्यांना माझ्या वर्गात घेऊन आले आणि चौकोनांसमोर बराच वेळ उभे राहिले, कारण एक मुलगा त्यांना आपला कागद समजावून सांगत होता.

राहिले तुमचे चौदा तक्ते. ते परत करू नका. नीट गुंडाळून, बाहेर नाव लिहून एका पेटीत ठेवा. पक्ष्यांचा पाठ आला की पक्ष्यांचा तक्ता काढा, मुलांसमोर उलगडा आणि आठवडाभर लावा. रोज दिसणाऱ्या तक्त्यापेक्षा पेटीतून निघणाऱ्या तक्त्याभोवती मुलं जास्त गर्दी करतात. त्यातला अक्षरांचा तक्ता मात्र आत्ताच काढा आणि ‘ण’, ‘ळ’ आणि ऱ्हस्व-दीर्घ बघून घ्या.